बेगमी त्यांची, अंधार आमचा

जिल्हा बैठकीत विजेचा विषय निघाला की चर्चा दोन खुंट्यांभोवती फिरते : बिल आणि डीपी. बिल माफ होणार की थकणार, आणि जळालेली डीपी कधी बदलून मिळणार. दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोन्हींसाठी आंदोलने झाली, पुढेही होतील. पण भाजे, पाटण, देवले, मळवली या पट्ट्यातल्या आम्हा कार्यकर्त्यांना यंदा बैठकीसमोर तिसरा प्रश्न ठेवायचा आहे. वीज कमी पडली, तार तुटली, संच बंद पडला, आभाळ भरून आले, तर त्या अनिश्चिततेचा बोजा कोणी उचलायचा? आजवर तो कोणी उचलला? आणि उचलल्याची मजुरी कोणाच्या हातात पडली?

प्रश्न इंजिनियर मंडळींचा वाटेल. तसा तो नाही. तो हिशेबाचा आहे, आणि हिशेब शेतकऱ्याला कळत नाही असे समजणाऱ्यांनीच आजवर त्याला बुडवले आहे.

बेगमी म्हणजे काय, हे आम्हाला शिकवू नका

भाज्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातल्या एका टाक्यावर दान देणाऱ्या महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताचे नाव कोरलेले आहे. ज्या डोंगरावर आषाढ-श्रावणात पाऊस थांबायचे नाव घेत नाही, तिथे पाणी साठवायला कातळ फोडण्याची गरज का पडली? कारण त्याच डोंगरावर चैत्र-वैशाखात घोटभर पाण्यासाठी वणवण होते. पाऊस किती पडतो याला महत्त्व नाही. हवा तेव्हा हाताशी असतो का, याला आहे.

आमचा शेतकरी खाचराला लागतील त्यापेक्षा जास्त भाताची रोपे टाकतो, कारण काही सडतील, काही वाहून जातील. कणगीत बियाणे वेगळे ठेवतो. जोखीम आहे म्हणून बेगमी करायची, आणि बेगमीला खर्च येतो, हे त्याला पाठ आहे. जास्तीच्या रोपांचे बी, खत, मजुरी हा त्याच्या खिशातला खर्च असतो. तो भाताच्या भावात धरला जात नाही ही गोष्ट वेगळी.

विजेच्या धंद्यातही नेमके हेच आहे. फरक एवढाच की तारेत वीज साठत नाही. या क्षणी सगळ्या देशात जेवढी वीज लागते, तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. जास्त झाली तरी गडबड, कमी झाली तरी गडबड. हा तोल साधला आहे की नाही हे फ्रिक्वेन्सीवरून कळते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली आहे. मागणी वाढली आणि निर्मिती पुरली नाही तर सगळ्या जनित्रांचा वेग जड गाडा ओढणाऱ्या बैलासारखा मंदावतो आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. फार खाली आली तर संच स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बाजूला होतात. एक सुटला की बाकीच्यांवर भार, मग दुसरा सुटतो, मग तिसरा. असे करत सगळा डोलारा कोसळतो.

तो कोसळू नये म्हणून भार प्रेषण केंद्रे असतात. राज्याचे केंद्र कळव्याला, पश्चिम विभागाचे मुंबईला, राष्ट्रीय दिल्लीला. तिथे दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे पाडून उद्या कोण किती वीज तयार करणार आणि कोण किती घेणार याचे वेळापत्रक आदल्या दिवशी बनते. पण उद्या कोणता संच बंद पडेल, कुठे वादळ येईल, कुठल्या सौरपट्ट्यावर ढग येतील हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून काही संच पूर्ण क्षमतेपेक्षा कमी चालवून हातात राखीव ठेवायचे, धरणांचे जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतात म्हणून ते सज्ज ठेवायचे, आणि कोणतीही एक वाहिनी किंवा एक संच गेला तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे असा नियम पाळायचा. हीच विजेची बेगमी.

तीन दिवस, तीन धडे

३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन विभागांची ग्रीडे एकदम गेली. साठ कोटींच्या वर माणसे ज्या प्रदेशात राहतात तो प्रदेश अंधारात गेला. शहरातल्या पंडितांनी लगेच निदान केले : पाऊस लांबला, पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी भातासाठी पंप चालवले, म्हणून ग्रीड गेले. चौकशी समितीने काय सांगितले? विभागांना जोडणाऱ्या वाहिन्यांपैकी अनेक एकाच वेळी बंद होत्या, बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर भार फार झाला होता, राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि सांगूनही थांबत नव्हती. म्हणजे बेगमी पातळ होती आणि शिस्त नव्हती. तहानलेल्या भाताने ग्रीड पाडले नाही.

दुसरा दिवस ५ एप्रिल २०२० चा. रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातले दिवे बंद करण्याचे पंतप्रधानांचे आवाहन होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि पुन्हा वर चढली. एवढा मोठा धक्का, पण ग्रीड हलले नाही. कारण दोन दिवस आधी सूचना होती. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी आधी निर्मिती वाढवून ठेवली आणि नेमक्या वेळी सुमारे साडेसतरा हजार मेगावॅट खाली उतरवली. धडा साधा आहे. बदल कितीही मोठा असो, तो आधी कळला तर त्याची तयारी होते. माणसाला मारतो तो न कळवता आलेला बदल.

तिसरा दिवस १२ ऑक्टोबर २०२० चा. त्या सकाळी कळव्याकडे येणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, पुण्याकडून खारघरला जाणारी वाहिनीही गेली, आणि दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत अंधार झाला. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला संकटात बाकीच्या ग्रीडपासून वेगळी करून वाचवण्याची खास व्यवस्था कित्येक वर्षांपासून होती. तीही त्या दिवशी कामी आली नाही. दुपारपासून टप्प्याटप्प्याने वीज आली. त्या काही तासांसाठी केंद्राची चौकशी झाली, राज्याची चौकशी झाली, वर्तमानपत्रांची पाने भरली. झाली ती योग्यच झाली. आमचे म्हणणे एवढेच की मुंबईचे काही तास गेले की ती राष्ट्रीय घटना होते, आणि खेड्याच्या फीडरवर वर्षानुवर्षे दिवसाचे बारा-बारा तास गेले तर त्याला वेळापत्रक म्हणतात.

महाराष्ट्राने बेगमी कुठे ठेवली?

आता मुद्द्यावर येऊ. वीज कमी पडली तर दोनच वाटा असतात. एक, राखीव संच चालवायचा. त्याला पैसे पडतात. दोन, कोणाची तरी वीज तोडायची. त्यालाही किंमत असते, फक्त ती तोडणाऱ्याला पडत नाही, ज्याची तुटते त्याला पडते. महाराष्ट्राने गेल्या काही दशकांत दुसरी वाट धरली आणि तोडायला शेतीचा फीडर निवडला. राखीव संच उभे करण्याऐवजी शेतकऱ्याचा पंप हीच राज्याची बेगमी झाली.

हे आम्ही रागाने म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवी दरपद्धत आली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर त्या पंधरा मिनिटांत फ्रिक्वेन्सी किती आहे त्यावर दंडाचा दर ठरू लागला. सुरुवातीला ५०.५ ला दर शून्य होता आणि ४९ च्या आसपास तो युनिटला ४ रुपये २० पैशांपर्यंत चढत असे. पुढे हे दर आणखी वाढले. म्हणजे वीज नसण्याची किंमत दर पंधरा मिनिटांना पैशात मोजली जाऊ लागली. आता पाच एचपीचा एक पंप घ्या. तो तासाला पावणेचार युनिट खातो. टंचाईच्या वेळी तो चार तास बंद ठेवला की १५ युनिट वाचतात. मंडळ त्या वेळी ठरल्यापेक्षा जास्त ओढत असेल, तर त्या एका पंपामागे त्याचे ६३ रुपये वाचले. ते पैसे कोणाचे? वाळलेल्या भाजीच्या मालकाला त्यातले किती मिळाले? काहीच नाही. उलट बहुतेक पंपांचे बिल एचपीवर होते. पंप चालो की बंद राहो, बिल चालूच. बंद ठेवल्याबद्दल मोबदला मिळणे राहिले बाजूला, बंद पंपाचेही पैसे भरायचे!

कोणी म्हणेल, टंचाईत सगळ्यांनाच सोसावे लागते. सगळ्यांना? २००६ सालचे 'पुणे मॉडेल' आठवा. पुणे शहराला सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते. तेव्हा उद्योगांनी आपापली जनित्रे चालवायची, ग्रीडची तेवढी वीज शहरासाठी मोकळी करायची, आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या मोठ्या ग्राहकांकडून जादा आकार घेऊन भरून काढायचा अशी योजना वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने झाली. शहराचे भारनियमन थांबले. योजना चांगली होती, आमचा तिला आक्षेप नाही. पण तिच्यातले तत्त्व नीट पाहा. ग्रीडवरून बाजूला होणे ही सेवा आहे आणि तिची भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व कारखानदारासाठी मान्य झाले. मग त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, रोज तासन् तास ग्रीडवरून बाजूला काढल्या गेलेल्या शेतकऱ्याला ते का लागू झाले नाही? कारखानदार बाजूला झाला तर ती सेवा, शेतकऱ्याला बाजूला काढले तर ते भारनियमन. इंडिया आणि भारत यांतला फरक याहून वेगळा काय असतो?

जोखीम कोणाच्या नावावर?

जोखीम वाटून घेण्याचा करार कसा करू नये हे महाराष्ट्राला एन्रॉनने दाखवले. ८ डिसेंबर १९९३ ला दाभोळ कंपनी आणि वीज मंडळ यांचा करार झाला. मंडळाला वीज लागो न लागो, ठरलेला आकार भरायचाच. डॉलर महागला तर भुर्दंड मंडळाचा, इंधन महागले तरी मंडळाचा. मागणीचा अंदाज चुकला तर तोही मंडळाचा. कंपनीचा नफा तेवढा निश्चित. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले. प्रकल्प बंद पडला. बोजा मात्र मंडळाच्या वह्यांत राहिला.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला परदेशी कंपनी. तिच्या करारात अनिश्चिततेची एकेक शक्यता घालून प्रत्येकीची भरपाई लिहून घेतलेली. दुसऱ्या बाजूला राज्यातला शेतीपंपाचा ग्राहक. त्याला किती तास, कोणत्या वेळी, किती व्होल्टेजची वीज मिळेल याची कसलीही लेखी हमी नाही. ज्याला जोखीम सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच अंगावर ती सर्वांत जास्त. आणि हे केवळ चालीरीतीने नाही, नियमाने. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० ला वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम जारी केले. सर्व ग्राहकांना चोवीस तास वीज, असे त्यात म्हटले आहे. आणि लगेच पुढे सवलत : शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोगाला कमी तास ठरवता येतील. हक्कांच्या कागदातही शेतकऱ्यासाठी वेगळी ओळ!

आपल्या राज्यात शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, तेही पाळीपाळीने, अशी पद्धत पडली. रात्रीच्या पाळीत आपल्याच जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरचा शेतकरी बिबट्याच्या वावरात दारे धरायला जातो. ग्रीडची रात्रीची मोकळी वीज खपावी म्हणून माणूस अंधारात ऊसात उतरतो. ही जोखीम कोणत्याही भार प्रेषण केंद्राच्या पडद्यावर दिसत नाही.

अनिश्चिततेतून आणखी अनिश्चितता कशी जन्मते तेही पाहा. वीज कधी येईल हे माहीत नाही म्हणून शेतकरी पंपाला ऑटो स्विच लावतो. वीज आली की फीडरवरचे सगळे पंप एका दमात सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपीवर एकदम भार येतो आणि ती जळते. मग महिनाभराचे रडगाणे. अधिकारी म्हणतात, ऑटो स्विच काढा. अहो, तो लागला कशामुळे? वेळ लेखी ठरवा, ती पाळा, ऑटो स्विच कोणी फुकट दिला तरी कोणी लावणार नाही.

मावळचा हिशेब

आता आपल्या दारातली गोष्ट. मुंबईची बेगमी शंभर वर्षांहून अधिक काळ मावळच्या कुशीत आहे. १९११ ला लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली घाटाखाली सोडून १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ ला आंध्रा खोऱ्यातून भिवपुरी, १९२७ ला मुळशीतून भिरा. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, जमिनी शेवटी पाण्याखाली गेल्या. या केंद्रांची क्षमता आज एकूण ४४७ मेगावॅट आहे. आकडा लहान वाटेल. पण काही मिनिटांत चालू-बंद होणारी ही वीज मुंबईच्या संध्याकाळच्या मागणीला आणि अडीअडचणीला धावून जाते. तिची खरी किंमत युनिटांत मोजायची नसते, वेळेवर येण्यात मोजायची असते.

यासाठी पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला वळले. बच्छावत लवादाने टाटांच्या धरणांसाठी वर्षाला सुमारे ४२ टीएमसी पाणी मान्य केले. आपले पवना धरण साडेआठ टीएमसीचे. म्हणजे जवळपास पाच पवना धरणे भरतील एवढे पाणी. त्याच पवनेच्या पाण्यासाठी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ तीन शेतकऱ्यांचे जीव गेले, हे मावळ विसरलेला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी आणखी एक सामंजस्य करार केला. शिरोत्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प, गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी रुपये. उदंचन म्हणजे दिवसा सूर्याची वीज जास्त असताना खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. चार युनिट ओतावे तेव्हा ढोबळमानाने तीन परत मिळतात. एक युनिट बेगमीचा खर्च. सौरवीज वाढली तशी ही गरज खरी आहे. सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात. मधली खाई कोणीतरी भरलीच पाहिजे. तंत्रज्ञानाला विरोध करणे हा आमचा धंदा नाही.

पण हिशेब करू. २८०० मेगावॅटला १३ हजार कोटी, म्हणजे मेगावॅटला सुमारे साडेचार कोटी आणि थोडे वर. पाच एचपीचा पंप ३.७३ किलोवॅटचा. शिरोत्याचे १८०० मेगावॅट म्हणजे अशा सुमारे ४ लाख ८० हजार पंपांचा भार. संध्याकाळी चालू असलेले एवढे पंप एका इशाऱ्यावर बंद झाले तर ग्रीडला मिळणारा दिलासा शिरोत्याचे सगळे संच चालवण्याएवढाच. पंपामागे पडणारी गुंतवणूक काढली तर ती येते सुमारे पावणेदोन लाख रुपये. हिशेब ढोबळ आहे. पंप चालू असतील तेव्हाच बंद करता येतात, आणि साठ्यातली वीज हवी तशी वापरता येते. तरी प्रमाण लक्षात घ्या. कंपनी पावणेदोन लाख गुंतवून जी सेवा देते, तिच्यावर तिला परतावा मिळणार, आणि तो मिळालाच पाहिजे. तशीच सेवा देणाऱ्या पंपाच्या मालकाला मात्र मोबदला शून्य. राज्यात मार्च २०२४ अखेर शेतीपंपांचे ग्राहक ४७ लाखांच्या घरात होते. एवढी मोठी बेगमी राज्याने फुकट वापरली.

'पण आता वीज फुकट आहे ना?'

हा प्रश्न बैठकीत येणारच. जुलै २०२४ मध्ये सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२९ च्या मार्चपर्यंत मोफत वीज जाहीर केली. मग आणखी काय मागता?

आमचे उत्तर जुनेच आहे. धर्माची गाय आणि दात का नाय, असे विचारायची सोय राहत नाही, हाच फुकटचा खरा तोटा. जो पैसे देतो त्याला तक्रार करता येते. जो दान घेतो त्याने मिळेल तेव्हा, मिळेल तेवढे घ्यायचे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके पाळली गेली नाहीत तर ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. बिलच नसलेला शेतकरी भरपाई मागायला गेला की त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, हे सांगायला नको. शेतकऱ्याला फुकट वीज नको आहे, भरवशाची हवी आहे. युनिटला रास्त दर घ्या, पण आठ तास म्हणजे आठ तास. आणि बंद ठेवायचे असेल तर त्याचा दरही आमच्याशी ठरवा.

दुसरा आरोप : शेतकरी वीज फार खातो आणि चोरतो. शेतीच्या नावावर मांडलेल्या वापराचे आकडे फुगलेले असतात, गळती आणि इतरांची चोरी त्याखाली झाकली जाते, हे आपली चळवळ कित्येक वर्षे सांगत आली. नियामक आयोगाने नेमलेल्या अभ्यासगटाने हा वापर तपासला आणि मार्च २०२० च्या दरनिश्चितीत आयोगाने शेतीचा वापर महावितरणच्या आकड्यापेक्षा कमी धरला. ज्याच्या नावावर खोटा वापर लिहिला, त्याच्याच नावावर खोटी सबसिडीही लिहिली गेली. शेतीमालाच्या भावात उणे सबसिडीचा हिशेब शेतकरी संघटनेने मांडला होता. विजेच्या जोखमीचाही तसाच हिशेब मांडायची वेळ आली आहे. शेतकऱ्याने ग्रीडला दिलेले तास जमेच्या बाजूला लिहा, मग कोण कोणाला देणे लागतो ते दिसेल.

तिसरी शंका आमच्यातल्याच काहींची : दिवसा सौरवीज मिळू लागली की हा प्रश्न संपेल. २०१७ पासूनची सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे, आणि दिवसा वीज हा आमचा हक्क आहेच. पण दिवसा पंप चालवणे हेसुद्धा आता ग्रीडच्या फायद्याचे आहे. दुपारची जास्तीची सौरवीज खपवायला पंपाइतके सोयीचे गिऱ्हाईक दुसरे नाही. कालपर्यंत आम्ही टंचाई सोसून ग्रीड सांभाळले, उद्या जास्तीची वीज उचलून सांभाळू. तेव्हाही उपकार आमच्यावरच झाले असे ऐकवले जाईल. आणि मावळात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य किती दिसतो हे आम्हाला विचारा. ढगाळ दिवशी सौर फीडरवर काय मिळणार, याचे उत्तर आजच लेखी पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मावळातली पॉलिहाऊसे मोडली, विजेचे खांब आडवे झाले. गुलाबाच्या शेतकऱ्याला वीज परत केव्हा येणार एवढे जरी नेमके कळले, तरी जनरेटर आणायचा की नाही हे तो ठरवू शकतो. न कळणे हेच त्याचे नुकसान.

बैठकीसमोर आमचे मागणे

एक. प्रत्येक शेती फीडरसाठी हंगामाच्या आधी तासांचा लेखी करार. बदल करायचा तर आदल्या दिवशी सूचना. भार प्रेषण केंद्र उद्याच्या ९६ तुकड्यांचे वेळापत्रक आजच बनवते, मग त्यातले आमच्या फीडरचे तुकडे आम्हाला का कळू नयेत?

दोन. कराराबाहेर वीज तोडली तर युनिटमागे भरपाई, अर्ज न करता. जो शेतकरी आपण होऊन 'गरज पडली तर माझा पंप बंद करा' म्हणेल, त्याला त्या सेवेचा दर. जो नाही म्हणेल, त्याच्यावर सक्ती नाही.

तीन. प्रत्येक फीडरवर आणि डीपीवर मीटर, आणि वीज कधी गेली कधी आली याची दरमहा नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. मोजल्याशिवाय ना आमचा वापर कळेल, ना त्यांची गळती.

चार. करार पाळला जाऊ लागला की आमच्या बाजूने ऑटो स्विच काढणे, कपॅसिटर बसवणे आणि पंप पाळीने सुरू करणे ही शिस्त गाव पाळेल. शिस्त दोन्हीकडून असते.

पाच. शिरोत्याच्या प्रकल्पाची जमीन, पाणी आणि मनोऱ्यांचे मार्ग यांचा पूर्ण नकाशा आधी ग्रामसभांपुढे. जमिनीचा मोबदला एकरकमी देऊन विषय संपवायचा नाही, प्रकल्पाच्या उत्पन्नात वाटा. पाऊस कमी झालेल्या वर्षी खोऱ्यातल्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याला पहिला मान, हे करारात लिहून. १९२१ साली मावळ्याला विचारले नव्हते. आता विचारल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, अनिश्चितता आपल्या पाचवीला पुजलेली आहे. पावसाची आहे, भावाची आहे, रोगाची आहे. तिच्याशी झुंजायला आपण कधी नाही म्हटले नाही. पण दुसऱ्याच्या धंद्यातली जोखीम गुपचूप आपल्या बांधावर आणून टाकायची आणि वर आपल्यालाच फुकटे म्हणायचे, हे यापुढे चालणार नाही. आपापल्या गावच्या फीडरचे गेल्या महिन्याचे तास वहीत लिहून बैठकीला या. कोणत्या दिवशी, किती वाजता गेली, किती वाजता आली. पेन्सिलीने लिहिलेली ती वही आयोगापुढे आपला पहिला पुरावा असेल.